द्वारका शेवडे यांची सात पुस्तकं

२५ नोव्हेंबर १९९६, सोमवार

आठवीचे एकेचाळीस निबंध तपासले. विषय 'माझे आवडते बाललेखक'. त्यातला एक निवडून तालुक्याच्या स्पर्धेसाठी इंदापूरला पाठवायचा आहे. अडतीस पोरांनी बाजारातलं एकच गाईड उतरवलंय. अडतीस जणांचा लेखक एक, त्याचं बालपण एक, त्याची गरिबी एक. तिघांनी तर 'पान ४२ वरील चित्र पाहा' हेसुद्धा इमानदारीत लिहून ठेवलंय.

आणि मुलांचे लेखक तरी काय लायकीचे असतात? मोठ्यांसाठी लिहायला जमलं नाही की हे सशाला टोपी घालतात. नाहीतर पुण्यामुंबईची चार पोरं सुट्टीत मामाच्या बंगल्यावर जातात, पोलिसांना न सापडलेले चोर दोन दिवसांत पकडतात आणि मामी त्यांना लाडू देते. आमच्या पोरांच्या मामाकडे बंगला नसतो, उसाला पाणी द्यायचं असतं. हे लिहिणाऱ्यांना ठाऊक नाही, छापणाऱ्यांना नाही आणि बक्षिसं देणाऱ्यांना तर अजिबातच नाही.

मीही एकदा मुलांसाठी गोष्ट लिहिली होती, सव्विसाव्या वर्षी. संपादकांचं पोस्टकार्ड आलं, 'मुले कंटाळतील.' असो.

एक निबंध मात्र वेगळा निघाला. सुकन्या मारकडचा. तिचा बाप बिरू ढकलगाडीवर रद्दी-भंगार गोळा करतो. ही शेवटच्या बाकावर बसते आणि खिडकीबाहेर बघते. तिनं लिहिलंय, 'माझ्या आवडत्या लेखिका द्वारका शेवडे. त्यांच्या गोष्टीत कोणी उगाच मरत नाही. बाकीचे लेखक दमले की माणूस मारतात. द्वारका शेवडे दमत नाहीत.' अशी अडीच पानं. गाईडातलं एक वाक्य नाही.

द्वारका शेवडे कोण? बावीस वर्षं मराठी शिकवतेय. तालुक्यातल्या शाळांसाठी पुस्तकं निवडणाऱ्या समितीवर सहा वर्षं आहे. मी हे नाव ऐकलेलं नाही.

२६ नोव्हेंबर

मुख्याध्यापक आबासाहेबांना निबंध दाखवला. त्यांचं वाचन म्हणजे खात्याची परिपत्रकं. तरी दोनदा वाचला आणि म्हणाले, "ह्या शेवडेबाई कोण हो, बाई?"

सगळी स्टाफरूम माझ्याकडे बघायला लागली. गणिताच्या सरांनी चहाचा कप खाली ठेवला.

मी म्हणाले, "जुन्या पिढीतल्या. थोडंच लिहिलं, पण कसदार."

"तुम्हाला माहीतच असणार म्हणा," आबासाहेब म्हणाले.

निबंध इंदापूरला गेला. तोंडातून निघून गेलं ते गेलं. 'कसदार' म्हणायला नको होतं.

३० नोव्हेंबर, शनिवार

सकाळची शाळा करून बारामतीला घरी लवकर निघाले. उसाच्या ट्रॉल्यांमागे एसटी दीड तास रखडली. वाचनालयात बालविभागाची नोंदवही चाळली. शेवडे नाही. नागेशच्या पुस्तकाच्या दुकानात गेले. सरळ विचारणार कशी? समितीवरची बाई लेखिकेचं नाव विचारत फिरते, हे उद्या इंदापूरपर्यंत पोचेल.

म्हटलं, "नागेश, शेवड्यांचं काही शिल्लक आहे का रे?"

"संपलं बघा, बाई," तो म्हणाला. "ऑर्डर टाकू का?"

म्हणजे विकलं जातं तर! नागेश कशालाही 'संपलं'च म्हणतो असं घरी हे म्हणाले. ह्यांना दुकानदारीतलं फार कळतं. तीस वर्षांच्या संसारात मोहनरावांनी टूथपेस्टसुद्धा स्वतः आणलेली नाही.

४ डिसेंबर

मधल्या सुट्टीत सुकन्याला बोलावलं. पुस्तक आण असं म्हटलं असतं तर मी वाचलेलं नाही हे उघड झालं असतं. म्हणून आडून विचारलं, "शेवड्यांचं तुला कुठलं आवडतं?"

"कुत्र्याचं," ती म्हणाली. "धनगराचं पोर आसतंय आन त्येचं कुत्रं आसतंय. लांडग्यासंगं झुंजून कुत्रं मरतंय आसं छापलंय. पन त्या बाईंनी खाली लिव्हलंय, ते मेलं न्हवतं. वढ्यात पडलं व्हतं. तिसऱ्या दिशी लंगडत आलं."

"छापलंय वेगळं आणि लिहिलंय वेगळं, असं कसं होईल?"

"आसंच हाय की बाई. तुमी न्हाय का वाचलं?"

"वाचलंय ग," मी म्हणाले. "तू नीट सांगतेस का बघत होते."

काय ही भाषा! छापलंय एक म्हणे आणि लिहिलंय एक. अख्खी आठवी अशीच बोलते, वाक्याचा कर्ता एकीकडे आणि क्रियापद पाटाच्या पलीकडे.

पण कुत्रं ओढ्यात पडलं होतं, हे बरं सुचलंय लेखिकेला. एसटीत तेच डोक्यात घोळत होतं. आमच्या घरची मेंढरं आजोबांनीच विकून टाकली, मी फक्त मेंढरं कोंडायचा रिकामा वाडगा पाहिलाय. तरी लंगडत येणारं कुत्रं दिसलं मला.

२१ डिसेंबर

सुकन्याचा निबंध तालुक्यात पहिला! आबासाहेबांनी पेढे वाटले, अर्थात एकेक. चार जानेवारीला इंदापुरात समारंभ आहे. त्यात द्वारका शेवडे यांचा परिचय मी करून द्यायचा, पाच मिनिटं. आबासाहेब परस्पर कबूल करून आलेत.

मी नाही म्हणायला हवं होतं. तोंड उघडलं आणि विचारलं काय, तर "माईक आहे ना?"

४ जानेवारी १९९७, शनिवार

भाषण झालं. चांगलं झालं, हेच वाईट झालं.

मी म्हणाले, द्वारकाबाई पुण्यात सदाशिव पेठेत राहायच्या. अंगानं बारीक, आवाज हळू. मी म्हणाले, कॉलेजात असताना त्यांना एकदा भेटले होते आणि त्यांनी माझ्या हातावर खडीसाखर ठेवली होती. खडीसाखर कुठून आली देव जाणे. शेवटी त्यांना एकाहत्तर साली मारून टाकलं, म्हणजे कुणी पत्ता मागायला नको. सभागृह हळहळलं. मुलांच्या लेखकांना मी नावं ठेवते, पण त्यातल्या एकालाही मी आज मागे टाकलं असेल.

बक्षीस म्हणून सुकन्याला जाडजूड शब्दकोश मिळाला. पोरगी तो छातीशी धरून माझ्याकडे आली. "बाई, त्या वारल्या व्हय? मला वाटलं, आजून लिव्हत्यात."

डोळे भरले होते तिचे. मी म्हटलं, "चल, फोटोला उभी राहा."

परीक्षक निवृत्त प्राध्यापक आहेत, पुण्याचे. हातात वही घेऊन मागे लागले, पुस्तकांची नावं सांगा म्हणून. बाललेखकांची सूची करताहेत म्हणे. रिकामटेकडा माणूस. "घरी बघून कळवते," म्हणाले आणि एसटी पकडली.

रात्री जेवताना ह्यांनी विचारलं, "तू त्यांना कधी भेटलीस?"

"कॉलेजात."

"तेव्हा तू मला रोज पत्र लिहायचीस. त्यात नाही लिहिलंस कधी."

मी आमटी वाढली.

१३ जानेवारी, सोमवार

पत्र आलं. प्राध्यापकांनी पुण्यातल्या दोन मोठ्या ग्रंथालयांत चौकशी केली. द्वारका शेवडे नावाची लेखिका नाही आणि कधी नव्हती. निबंध बनावट ठरवून बक्षीस परत मागवलंय. शाळेकडून खुलासा हवा.

आबासाहेबांनी दार लोटून घेतलं. "बाई, तुम्ही तर भेटला होतात ना?"

तेव्हा मी काय बोलले ते लिहून ठेवते. दुसरीकडे कुठे लिहिणार? मी म्हणाले, "त्या मुलीनं मला फसवलं. तिनं इतकं खात्रीनं सांगितलं की मला वाटलं, आपणच विसरलोय."

आबासाहेबांनी सुटकेचा श्वास सोडला. त्यांना कुणीतरी दोषी हवं होतं, आणि मी नसले तर बरंच होतं.

सुकन्याला वर्गासमोर उभं केलं. आबासाहेबांनी विचारलं, "लेखिका मनानं रचलीस?"

"न्हाय सर. खऱ्या हायती त्या."

"कुठे आहेत?"

तिनं माझ्याकडे बोट केलं. "बाईच त्यास्नी भेटल्यात की. खडीसाखर दिली व्हती त्यांनी."

वर्ग हसला. मी म्हणाले, "उलट बोलू नकोस." माझाच आवाज, खणखणीत. शब्दकोश तिनं टेबलावर ठेवला आणि जागेवर जाऊन बसली. रडली नाही. रडली असती तर मला तिचा राग तरी आला असता.

१६ जानेवारी

सुकन्या तीन दिवस शाळेत नाही. दुपारी बिरू मारकड आला. गाडी फाटकाशी लावून, खांद्यावर पोतं घेऊन थेट स्टाफरूमच्या दारात.

"बाई, माझी पोरगी लबाड न्हाय," तो म्हणाला. "आमी लेकरांना मारू वाटलं तर मारतो, पन खोट्यासाठी कधी मारायची पाळी न्हाय आली."

त्यानं पोतं जमिनीवर मोकळं केलं. सात पुस्तकं. कव्हर एकालाही नाही, पहिली पानं गळालेली, कडा उंदरांनी खाल्लेल्या. लेखक कोण, नाव काय, कशाचा पत्ता नाही. मी एक उचललं. धनगराचा मुलगा, लांडगा, शेवटी कुत्रं मेलेलं. आणि त्याखाली, छापील मजकूर संपतो तिथून, निळ्या शाईत बारीक, सरळ अक्षर: 'हे मला पटत नाही. कुत्रा मेला नव्हता. तो ओढ्यात पडला होता...' दोन पानं भरून. शेवटी सही, द्वारका शेवडे.

सातही पुस्तकांत तसंच. छापलेला शेवट, खाली लिहिलेला शेवट, सही.

छापलंय वेगळं आणि लिहिलंय वेगळं. पोरीनं मला अगदी नीट सांगितलं होतं.

"ही कुठली पुस्तकं?" मी विचारलं.

"वालचंदनगरच्या कॉलनीतल्या रद्दीतली. मी तराजूवर घातली की ही काढून घेती. ज्येचं नाव खाली त्येनं लिव्हलं, आसं समजली ती. आमच्या घरात दुसरं कुनाला वाचाया येतंय, सांगाया?"

"आणि ह्या बाई?"

"हायत की! ठणठणीत हायत. दर म्हैन्याला रद्दी देत्यात. काट्यावर बोट ठिवू देत न्हाईत मला."

१९ जानेवारी, रविवार

वालचंदनगरला जाऊन आले. द्वारकाबाई मुलाकडे राहतात. अठ्ठ्याहत्तरच्या आहेत. अंगानं बारीक नाहीत, आवाज तर मुळीच हळू नाही.

"मी कसली लेखिका!" त्या म्हणाल्या. "धाकटा फार हळवा होता. गोष्टीत कुणी मेलं की रात्रभर रडायचा. मग मी शेवट बदलून ठेवायचे. सही केली की त्याला खरं वाटायचं, म्हणून सही. ह्या लेखकांना शेवट जमत नाहीत हो, बाई. पानं संपत आली की मारतात कुणालातरी, आणि आपण रडलो की ह्यांना वाटतं, चांगलं लिहिलं."

मी एरवी ह्यावर तासभर बोलले असते. इतक्या वर्षांत माझ्या मनातलं बोलणारं माणूस भेटलं होतं.

"मग रद्दीत का दिलीत?"

"धाकटा आता पंचेचाळीस वर्षांचा आहे. अमेरिकेत असतो. त्याला कुत्र्याचं काय झालं ते आठवतही नाही." मग म्हणाल्या, "बिरूनं सांगितलं मला सगळं. भाषणात तुम्ही माझ्याबद्दल काय बोललात?"

"तुम्ही वारलात, असं."

"कधी?"

"एकाहत्तर साली."

त्यांनी जरा हिशेब केला. "एकाहत्तरला मी थोरल्याच्या लग्नात दोनशे पानं वाढली होती." हसतील असं मला वाटलं, पण हसल्या नाहीत. "आणि ती मुलगी कुठाय? तिला का नाही आणलंत?"

चहा अर्धा ठेवून निघाले.

२० जानेवारी

आबासाहेबांना खरं सांगितलं. त्यांनी आधी उठून खिडकी लावली. "बाई, हे असंच राहू द्या. पोर दोन महिन्यांत विसरेल. तुम्ही कबूल केलंत तर समिती जाईल, शाळेचं नाव जाईल. तुमची पाच वर्षं राहिलीत फक्त."

मी म्हणाले, बरं.

सुकन्या आजही आली नाही. बिरूबरोबर गाडीवर फिरते असं वर्गातल्या मुली सांगतात.

२५ जानेवारी

चार दिवस मनाला सांगतेय की आबासाहेब व्यवहाराचं बोलताहेत. पटत नाही. ज्या माणसाचं मी आजवर काहीच मनावर घेतलं नाही, त्याचं नेमकं हेच कसं मनावर घेते आहे?

ह्यांना सगळं सांगितलं. पेपर बाजूला ठेवून ऐकलं ह्यांनी. म्हणाले, "मला चार तारखेलाच कळलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तू ऐकतेस का कुणाचं?"

मी ह्यांचा पेपर उचलून परत ह्यांच्या हातात दिला.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन झालं. सरपंच, पालक, कवायतीची पोरं, सगळे होते. कालच बिरूला निरोप पाठवला होता की सुकन्याला घेऊन ये. दोघं फाटकाबाहेर गाडीपाशी उभे होते, आत आले नाहीत.

आभार मानायला मला माईक दिला. आभार राहिलेच. मी म्हणाले, "द्वारका शेवडे आहेत. वालचंदनगरला राहतात. सुकन्यानं त्यांचं लिहिलेलं वाचलं, आवडलं आणि तेच खरं खरं लिहिलं. मी त्यांचं काहीही वाचलं नव्हतं. मी त्यांना कधी भेटले नव्हते. खडीसाखर खोटी. त्या वारल्या हे खोटं. सुकन्यानं मला फसवलं असं मी सांगितलं, तेही खोटं. खोटं बोलले ती मी."

वाटलं होतं जमीन दुभंगेल. सरपंचांनी घड्याळ बघितलं. आबासाहेबांचा चेहरा फळा पुसल्यासारखा झाला. मागून कुणीतरी विचारलं, "खडीसाखर वाटनार हायती का?" लहान पोरांनी टाळ्या वाजवल्या, कारण माईकवर कुणी थांबलं की त्या वाजवायच्या असतात.

फाटकाकडे बघितलं तर बिरूनं टोपी काढून हातात घेतली होती. सुकन्या नुसती बघत होती.

३१ जानेवारी

तालुक्याचं पत्र. एक, समितीवरून मला कमी केलंय. दोन, बक्षीस परत देता येत नाही, कारण विषय 'बाललेखक' असा होता आणि श्रीमती शेवडे ह्या नियमानुसार बाललेखक नाहीत. खाली प्राध्यापकांची सही, शाईचा फराटा काढून. सशांना टोप्या घालणारे नियमात बसतात.

माझा शब्दकोश सुकन्याला देऊ केला. ती म्हणाली, "नगं. तो तुमचा हाय." पण सोमवारपासून शाळेत येते आहे. पहिल्या बाकावर ये म्हटलं, तर शेवटच्या बाकावरूनच नको म्हणून मान हलवली.

२ फेब्रुवारी, रविवार

तिला वालचंदनगरला घेऊन गेले. बिरू म्हणाला, न्या. ती एसटीत खिडकीशी बसली, मांडीवर सात पुस्तकं, सुतळीनं बांधलेली. वाटेतलं लासुर्णं गाव मागे पडलं तरी बाहेरच बघत होती. मी दोनदा विषय काढला. एकदा ऊस दाखवला, एकदा शाळेचं विचारलं. माझं मलाच हसू आलं.

स्टँडवरून कॉलनीपर्यंत चालत निघालो. फाटकाशी ती थांबली.

"बाई, येक इचारू?"

"विचार."

"तुमी खोटं का बोलला?"

मी बरंच काही सांगू शकले असते. समिती, स्टाफरूम, गणिताच्या सरांचा कप. म्हणाले, "मला त्या माहीत नव्हत्या. आणि सगळ्यांसमोर तसं म्हणता आलं नाही."

तिनं जरा विचार केला. खरंच विचार केला, कपाळाला आठ्या घालून.

"त्येच्यात काय आवघड हाय? 'म्हाईत न्हाय' म्हनायचं. आमी रोज म्हनतो की वर्गात. तुमी बाकावर हुभं करता, पन त्येनं काय हुतंय?"

मी तिथंच उभी राहिले. तिनं वाट बघितली नाही. पायऱ्या चढून तिनं स्वतःच दार वाजवलं. आतून द्वारकाबाईंचा मोठा आवाज आला, "कोण आहे?"

"मी सुकन्या," ती म्हणाली आणि दार उघडताच, माझ्याकडे न बघता, आत गेली.